बाकाची जागा

मांडणीकाकांच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे असावी यावर छत्तीस वर्षं वाद झाला आणि तो कधी मिटला नाही. काका ती फडताळात सगळ्यात मागे ठेवायचे. काकू ती पुढे आणायच्या.

"अहो, हे घर आहे, दुकान नाही," काकू म्हणायच्या. "इथे गिऱ्हाईक मी एकटीच. मला मिठापर्यंत पोचायला साखर, चहा, डाळ, सगळ्यांची भेट घ्यायला लावू नका."

पण सवय जाते कुठे! घरगुती वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात काकांनी पस्तीस वर्षं माल मांडला होता. लागले होते ते पोती उचलायला. पण एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी कपबशांचं फडताळ स्वतःच्या डोक्याने लावलं आणि त्या आठवड्यात कपबशा संपल्या. तेव्हापासून मालक कुठलीही वस्तू आली की आधी त्यांनाच हाक मारायचे. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं. गल्लीतसुद्धा ते मांडणीकाकाच झाले.

त्यांचे नियम ठरलेले असत. रोज लागणाऱ्या वस्तू सगळ्यात आत, म्हणजे माणूस मिठासाठी येतो आणि वाटेत चार गोष्टी बघतो. जड माल खाली. मुलांचा माल मोठ्यांच्या गुडघ्याशी, म्हणजे मुलांच्या नजरेसमोर. जे खपवायचं ते नजरेच्या रेषेत. आणि या सगळ्या नियमांच्या वर एक गोष्ट होती, ती ते येईल त्याला सांगत.

दुकानाच्या दारात एक जुना लाकडी बाक होता. त्यावर दोन-तीन म्हातारी माणसं सकाळ-संध्याकाळ बसायची, काहीही विकत न घेता. एके दिवशी मालक वैतागले. म्हणाले, "यांना दुकान म्हणजे चावडी वाटते," आणि त्यांनी बाक उचलून गोदामात टाकला. महिन्याभरात संध्याकाळची गर्दी आटली. मालकांनी पाट्या बदलल्या, दिवे बदलले. शेवटी काका म्हणाले, "मालक, बसलेला माणूस गिऱ्हाईक नसतो. पण तो बसलेला दिसतो म्हणून गिऱ्हाईक आत येतं. रिकाम्या दारात कोण शिरणार?" बाक परत आला. बाकावरच्या माणसांपाठोपाठ गर्दीही आली.

ही गोष्ट काका जेवताना सांगत, चहा पिताना सांगत, पाहुण्यांना सांगत. काकू सुया चालवत ऐकायच्या. ऐकायच्या असं काकांना वाटे, पण "मालक वैतागले" इथपर्यंत आलं की काकू मान वर न करता म्हणायच्या, "आणि बाक गोदामात." मग काका खट्टू होऊन गप्प बसत.

काकूंचा जीव विणकामात. मोजे, टोप्या, बाळांची जाकिटं. सहा वर्षांपूर्वी काकांच्या बहिणीच्या मुलीने, जी एका कार्यालयात दिवसभर लोकांच्या वेबसाइट बांधते, मामीला एक ब्लॉग काढून दिला. त्याचं नाव 'दोन सुया'. काकू तिथे 'सुईवाली' या नावाने लिहायच्या. दुपारी तीन ते पाच ही त्यांची वेळ. खिडकीपाशी संगणक, मांडीवर लोकर. काका शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन आडवे. भिंतीपलीकडून बटणांची टकटक यायची, आणि मधूनच काकूंचं हसू.

"कुणाशी हसतेस गं?" काका इथूनच विचारायचे.

"आहेत माझी माणसं," काकू तिथूनच सांगायच्या.

उठून जाऊन ती माणसं कोण हे बघावं, असं काकांना सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही. तीन पावलांचं अंतर होतं.

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी काकू साध्या तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या. तिथेच ठेवून घेतलं. नवव्या दिवशी काका एकटे घरी आले, हातात काकूंची पिशवी घेऊन. पिशवीत अर्धा विणलेला मोजा होता.

पंधरा दिवसांनी भाची आली. तिने संगणक उघडला, काकूंच्या वहीतून पासवर्ड शोधला आणि काकांना खुर्चीत बसवलं.

"मामा, हा ब्लॉग चालू ठेवायचा की बंद करायचा ते तू ठरव. पण आधी बघ तरी. हे बघ, रोज साठ-पासष्ट माणसं येतात. आणि एक माणूस सरासरी सहा मिनिटं थांबतो."

"सहा मिनिटं म्हणजे काय थांबणं झालं?"

"अरे, लोक इथे सहा सेकंद थांबत नाहीत! माझी पैसे मोजणारी गिऱ्हाइकं सहा मिनिटांसाठी माझे पाय धरतील." मग तिने पानाच्या कडेच्या छोट्या चौकटी दाखवल्या. त्यांना विजेट म्हणतात. एका चौकटीत काहीही शोधता येतं, एकीत जुन्या लेखांची यादी, एकीत आज किती माणसं आली त्याचा आकडा. "या कुठेही उचलून ठेवता येतात. माऊसने धरायचं, ओढायचं, सोडायचं."

"म्हणजे फडताळंच की," काका म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा उघडला.

"फडताळंच. आणि ऐक, तुझं स्वतःचं येणं-जाणं मोजलं जाणार नाही अशी सोय केलीय मी. नाहीतर दिवसातून शंभर वेळा उघडशील आणि शंभर माणसं आली म्हणून खूश होशील."

भाची गेल्यावर काका एकटेच पानासमोर बसले. पानाच्या अगदी माथ्यावर, काकूंच्या नमुन्यांच्याही वर, एक चौकट होती: नुकत्याच आलेल्या प्रतिक्रिया. वाचकांनी लिहिलेल्या शेवटच्या पाच ओळी तिथे दिसत. सगळ्यात नवी वर, जुनी खाली.

डावखुरी: ताई, बरं आहे ना?
लोकरीचा गुंडा: आज पण नाहीत?
तिसरा मजला: घाई नाही माझी. पण काळजी वाटते.
घारी: कुणाकडे यांचा फोन नंबर आहे का?
सुईवाली: फोटो बघितला. टाच उद्या सांगते.

पाचवी ओळ काकूंची होती. तपासणीच्या आदल्या दिवसाची. 'तिसरा मजला' नावाच्या कुणी बाईंनी मोजा विणताना टाचेशी भोक पडतंय म्हणून फोटो पाठवून विचारलं होतं, त्याचं हे उत्तर.

काका ती ओळ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. चौकटीत पाचच ओळी मावतात. आता कुणीही काहीही लिहिलं, नुसतं "नमस्कार" लिहिलं, तरी वर एक ओळ येईल आणि खालची पहिल्या पानावरून जाईल.

त्यांनी माऊस हातात घेतला. चौकट धरली आणि ओढत ओढत खाली नेली: नमुन्यांच्या खाली, जुन्या लेखांच्या यादीच्या खाली, आकड्याच्याही खाली. पानाच्या तळाशी, जिथे सहसा कुणी जात नाही. तिथे सोडली.

स्वतःला त्यांनी सांगितलं की दर्शनी भागात माल हवा, बडबड नको. धंद्यातला माणूस स्वतःशी खोटं बोलतानाही धंद्याचंच कारण देतो.

त्यानंतर काकांना कामच मिळालं. दुपारी तीनला ते खिडकीपाशी बसत. पान उघडलं की आधी तळाशी जात. ओळ जागेवर असे. मग वर येऊन मांडणी बघत. शोधायची चौकट त्यांना अगदी दारात दिसली, तेव्हा ते मनात म्हणाले, हे तर मीठ! माणूस आला, शोधलं, घेतलं, गेला. बाकीचा माल कोण बघणार? त्यांनी तीही तळाशी टाकली. बाळाच्या जाकिटाचा रंगीत फोटो नजरेच्या रेषेत आणला. मोजे खाली ठेवले, कारण पायातली वस्तू.

आणि माणसं कमी होऊ लागली. साठाची पन्नास झाली. मग छत्तीस. काकांनी जाकिटाऐवजी टोपी लावली. एकवीस. थांबण्याची वेळ सहा मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आली. काकांनी कडेच्या चौकटी उजवीकडून डावीकडे नेल्या. चौदा. रोज पाचला संगणक बंद करताना आकडा बघायचा आणि उठायचं. पलीकडच्या खोलीत आता वर्तमानपत्रावर कुणी आडवं पडलेलं नसे, आणि या खोलीतून हसू येत नसे. दोन्ही खोल्या एकट्या काकांच्याच होत्या आणि दोन्ही त्यांना मोठ्या पडत होत्या.

ज्या दिवशी आकडा नऊ झाला, त्या दिवशी त्यांनी भाचीला फोन लावला.

"मामा, काय केलंस हे?" पान बघून भाची ओरडलीच. "शोधायची चौकट कुठे गेली?"

"खाली आहे. माणसाला जरा चालायला लावावं."

"कुठून कुठे चालायला? लोक मोबाईलवर बघतात रे. तिथे तळाशी पोचेपर्यंत अंगठा झिजेल! हे तुझं दुकान नाही. दुकानात शिरलेला माणूस लगेच पाठ फिरवायला लाजतो. इथे कोण लाजतंय? आणि मामीची ती वरची बडबड?"

"तीपण खाली."

"ती कशाला हलवलीस?"

"अशीच."

"मामीने ती चौकट वर ठेवायला लावली तेव्हा मी तिच्याशी भांडले होते," भाची म्हणाली. "म्हटलं, मामी, माथ्यावर तुझे नमुने हवेत, लोकांची टकळी कशाला? ऐकलंच नाही तिने. म्हणाली, मला माहितीय मी काय करतेय. बरं, एक कर. तुझ्या सगळ्या पानांत एका पानावर लोक अजून थांबतात. 'टाच' नावाचं, तीन वर्षांपूर्वीचं. तिथे दोनशे बारा प्रतिक्रिया आहेत. ते जरा वाच. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तीनला काकांनी ते पान उघडलं. वर टाच कशी वळवायची ते काकूंनी लिहिलेलं, आणि खाली त्या दोनशे बारा ओळी. काका सावकाश वाचत गेले. विणकाम त्यांना कळत नव्हतं. पण थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात आलं की विणकाम त्यात फार नव्हतंही. डावखुरीच्या सुनेला मुलगी झाली होती. घारीचा मोतीबिंदू काढला होता. तिसरा मजला या बाईंचे गुडघे गेले होते आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आठ महिन्यांत त्या एकदाच खाली उतरल्या होत्या. "तुमच्याकडे आलं की फिरून आल्यासारखं वाटतं," असं त्यांनी लिहिलं होतं. लोकरीचा गुंडा हा चक्क एक बाप्या निघाला, निवृत्त बसचालक. "पस्तीस वर्षं गाडी वळवली, टाच वळत नाही," असं त्याचं म्हणणं. त्यावर काकूंनी लिहिलं होतं, "हॉर्न वाजवून बघा."

हेच ते हसू. भिंतीपलीकडचं.

मधेच एका ओळीपाशी काका थांबले. टाचेशी भोक पडतं म्हणून डावखुरीने तीन वर्षांपूर्वीच विचारलं होतं आणि काकूंनी उत्तरही दिलं होतं: "कोपऱ्यात एक टाका जादा उचला. पुढच्या ओळीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. भोक बुजतं." म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना हवं ते उत्तर इथेच, याच घरात होतं. पण शोधायची चौकट काकांनी तळाशी टाकली होती. मीठ इतकं मागे सरकवलं की गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं.

आणि अगदी खाली, दोनशेच्या आसपास, घारीने विचारलेलं सापडलं: "ताई, तुमचे एवढे सुंदर नमुने खाली आणि आमची बडबड सगळ्यांच्या डोक्यावर, असं का हो?"

खाली काकूंचं उत्तर होतं. एरवी त्या दोन ओळींपलीकडे लिहीत नसत.

"आमच्या घरी मांडणीतले एक जाणकार आहेत. त्यांच्या दुकानाच्या दारात एक बाक होता. मालकांनी तो गोदामात टाकला आणि दुकान ओस पडलं. ही गोष्ट मी दोनशे वेळा ऐकलीय. दर वेळी मी म्हणते, हो हो, माहितीय. पण ब्लॉग काढला तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली. म्हणून बाक दारात ठेवलाय. बसा. काही विणलंच पाहिजे असं नाही. त्यांना मात्र हे सांगू नका, नाहीतर दोनशे एकाव्यांदा ऐकावी लागेल."

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला आणि ते उत्तर पुन्हा वाचलं, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. सुया चालवता चालवता काकू ऐकत होत्या. दोनशे वेळा. आणि बाक गोदामात टाकला तो त्यांनीच, स्वतःच्या हाताने.

त्यांनी भाचीला फोन केला.

"वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं. ती चौकट परत वर न्यायची आहे." काका म्हणाले. "पण त्यात एक अडचण आहे."

"काय?"

काकांनी सांगितलं. पाच ओळी, पाचवी तिची, आणि सहावी आली की काय होईल ते. सांगताना त्यांना वाटलं, किती पोरकट वाटत असेल हे. भाची हसली नाही.

"मामा, पाचाच्या दहा करता येतात. एक आकडा बदलायचा. करू?"

"दहा केल्या तर दहा ओळींनी जाईल. वीस केल्या तर विसांनी." काका खिडकीकडे बघत बोलत होते. "ती ओळ तिथे राहावी म्हणून कुणी काही बोलूच नये, असं चाललंय माझं. असं दुकान नसतं गं. राहू दे पाचच."

"ओळ पुसली जात नाही, कळलं ना? नुसती आतल्या पानावर जाते."

"कळलं. आतल्या फडताळात."

त्यांनी आधी शोधायची चौकट वर आणली. मग ती दुसरी चौकट तळातून धरली आणि ओढत ओढत, आकड्यावरून, यादीवरून, जाकिटावरून, माथ्यावर नेऊन सोडली. पाचवी ओळ आता उजेडात आली. फोटो बघितला. टाच उद्या सांगते.

ते उद्या चार महिने लांबलं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

काका एका बोटाने टाइप करत. तेवढ्या ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. तीनदा पुसल्या. नाव काय लिहावं यात दहा मिनिटं गेली. मांडणीकाका लिहिलं, खोडलं, आणि शेवटी 'घरचे' एवढंच ठेवलं.

"तिसरा मजला यांना: टाचेच्या कोपऱ्यात एक टाका जादा उचला. पुढच्या ओळीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. भोक बुजतं. हे त्यांनीच सांगितलेलं आहे, मला विणता येत नाही. सांगायला उशीर झाला. सुईवाली चार महिन्यांपूर्वी वारल्या. बाक मधे मी हलवला होता, तो जागेवर ठेवला आहे."

पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून ते बसले. ओळीकडे एकदा नीट बघितलं, निघणाऱ्या गाडीतल्या माणसाकडे बघावं तसं. मग बटण दाबलं.

पान हललं. वर 'घरचे' आलं. डावखुरी एक घर खाली सरकली, लोकरीचा गुंडा सरकला, तिसरा मजला, घारी. घारीच्या खाली काही नव्हतं.

त्या दिवशी आकडा आठ होता. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी डावखुरी आली, तिने नुसतं "अरे देवा" लिहिलं. मग बसचालक आला: "घरचे, तुम्ही ते बाकवाले का? आम्हाला ताईंनी शपथ घातली होती, नाहीतर कधीच विचारलं असतं." काकांनी त्याला उत्तर दिलं, "हो. तोच मी." घारी आली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईही आल्या नाहीत. काका रोज तीनला बसत, आणि कुणाची ओळ वर येते ते बघत. दोन आठवड्यांत आकडा विसाच्या पुढे गेला नाही.

मग एका गुरुवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, काल काहीतरी गंमत झालीय. त्या टाचेच्या पानावर कुणीतरी एक तास चाळीस मिनिटं होतं. सलग! जरा जरा वेळाने पान वरखाली केलंय. लिहिलं मात्र काहीच नाही. तूच बसला होतास ना?"

"माझं येणं-जाणं तू मोजत नाहीस."

"अरे हो, खरंच की. मग कोण? एवढा वेळ काय करत असेल?"

एक टाच वळवायला काकूंना जवळपास तेवढाच वेळ लागायचा. तीनला बसल्या की पाचच्या आत टाच व्हायची. मधून मधून त्या मान वर करून नमुना बघायच्या, परत खाली घालायच्या.

"विचारू का त्यांना, वर एक ओळ टाकून?" भाची म्हणाली. "कोण आहात, काही मदत हवी का, असं? बोलतं करावं माणसाला."

"नको," काका म्हणाले. "बसू दे."